शरणपूरची मुले



अंधेरीच्या पूर्वेला मरोळ म्हणून एक गाव आहे. गाव म्हणायचे ते आता केवळ सवयीने, कारण मुंबईने ते केव्हाच पोटात घातले. तेथे सीप्झ नावाची कारखान्यांची वसाहत आहे, आणि तिच्या कुंपणाच्या आत एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. जेझुइट पाद्र्यांनी हे चर्च १५७९ साली कोंडिविट्याच्या लोकांसाठी बांधले. १८४० साली साथ आली तेव्हा लोक तेथून हलले आणि मरोळला नवे चर्च करून राहिले.

साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या मुलखात, अशी जुनी ख्रिस्ती गावठाणे पुष्कळ आहेत. पोर्तुगीज अमलात येथले लोक ख्रिस्ती झाले. कोणी श्रद्धेने, कोणी लाभापायी, कोणी सत्तेच्या धाकाने. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पाडेच्या पाडे एकदम ख्रिस्ती झाले. त्यामुळे शेत तेच राहिले, विहीर तीच, शेजारी तेच आणि बोलीही मराठीच. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायची चाल त्यांच्यात आजही आहे; ‘उंबराचं पाणी’ म्हणतात तिला. अशा गावात मूल जन्मले, तर ते वाढवायचे कोणी आणि कुठे, हा प्रश्नच उठत नाही. आजी असते, आत्या असते, ओटा असतो.

पण एकट्यादुकट्याने धर्म बदलला तर? मग ना ओटा, ना विहीर. माझी आजची गोष्ट अशा माणसांच्या मुलांची आहे. ती घडली नाशकात, पण तिचे मूळ कळायला आधी मुंबईच्या कोर्टात जायला हवे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा एक तरुण ब्राह्मण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. तुम्ही म्हणाल, मिटला तंटा. छे! तो तेथूनच पेटला. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला. त्याला पंक्तीला कोण घेणार? बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली, की प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत परत घ्यावे. तर सनातनी मंडळी खुद्द बाळशास्त्र्यांवरच उठली. एका बारा वर्षांच्या मुलापायी सारी मुंबई तटाला तट लावून भांडली. कोर्ट म्हणाले मुलगा बापाचा. पण बापाच्या घरचा दरवाजा जातीच्या हातात होता.

पुढे १८५० साली सरकारने कायदा केला, की धर्म किंवा जात सुटली म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. कायदा चांगला होता. पण शेताचा वाटा कोर्टातून मिळेल, पाणवठ्यावर हंडा भरून कोण देईल? न्हावी, परीट, कुंभार येईनासे होत. बायको माहेरी नेली जाई. ही स्थिती लवकर बदलली असे समजू नका. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंना लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते दिवस नव्याने सांगायला नकोत.

तर असे घरातून तुटलेले लोक करणार काय? त्यांच्यासाठी वेगळे गाव वसवावे, ही कल्पना यातून निघाली. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५४ साली तिचे एक पाद्री, विल्यम सॉल्टर प्राइस, यांनी नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती गाव वसवायला घेतले. त्याला नाव दिले शरणपूर. शरण आलेल्यांचे गाव! नाव मोठे नेमके आहे, आणि जरासे बोचणारेही आहे.

गावात चर्च होते, शाळा होती, अनाथ मुलांचे गृह होते, नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची घरे होती. सुतारकाम, लोहारकाम असले धंदे शिकवायची सोय होती. वारसा तुटला म्हणजे नुसती जमीन जात नाही, बापाचा धंदाही जातो. म्हणून हातात नवा धंदा द्यायचा, ही दृष्टी मला शहाणपणाची वाटते. तरण्या जोडप्याला येथे भिंत मिळाली, छप्पर मिळाले, मुलाला पाटी मिळाली. शेजारीण मिळाली, जी विटाळ मानत नव्हती. बाळंतिणीच्या घरी पाणी कोण भरणार, ही काळजी ज्यांनी केली आहे त्यांना या शेजारणीचे मोल कळेल.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा गावात मालक कोण? मिशन. रोजगार देणारे मिशन, घर देणारे मिशन, शाळा मिशनची, देऊळही मिशनचेच. आपल्या नेहमीच्या गावात पाटलाशी वाकडे आले तर भावकी पाठीशी असते, भावकीशी बिनसले तर सासरवाडी असते. येथे बापाचे साहेबाशी बिनसले, तर घर, भाकरी आणि पोराची शाळा एकाच दाव्याला बांधलेली. मूल आईबापाचे, हे खरे. पण त्याला वाढवणारा हात गावाचा, आणि गाव साहेबाचे.

आणि गंमत पाहा. नाशकातले पहिल्या पिढीचे मिशनरी फॅरर यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ साली मुंबईत जन्मला. तो अगदी लहान असतानाच त्याला वाढवायला विलायतेला धाडून दिले. साहेब लोकांचा तो रिवाजच होता. पुढे तो मोठा धर्मोपदेशक आणि लेखक झाला. म्हणजे दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या या माणसांच्या नशिबी स्वतःची मुले जवळ ठेवणे नव्हते. याला त्याग म्हणावे की काय म्हणावे, ज्याचे त्याने ठरवावे.

आता शरणपुरात आणखी एक प्रकारची मुले आली. ती समुद्राने आणली.

त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसे पकडून अरबस्तानात आणि इराणी आखाताकडे विकायला नेत. इंग्रजी आरमाराची जहाजे समुद्रात अशी गलबते अडवीत आणि गुलामांना सोडवीत. यांतली पुष्कळ मुलेच असत. ती मुंबईच्या बंदरात उतरवली जात. सोडवली खरी, पण जायची कुठे? कोणत्या गावची, आई कोण, बाप कोण, काही धड सांगता न येणारी पोरे. १८६० च्या सुमारापासून अशी मुले शरणपूरला पाठवली जाऊ लागली. तेथे त्यांचा बाप्तिस्मा होई, इंग्रजी नावे मिळत. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, बेंजामिन रतन. फॅररचे आडनाव आणि नाशकातल्या एका पारशी धर्मोपदेशकाच्या नावासारखा ‘रतन’, ही आफ्रिकेतल्या पोरांची नावे! मूळचे नाव बहुतेकांचे हरवले ते हरवलेच.

मुले मोठी झाली, हाताला काम आले, गावातच लग्ने झाली. १८६४ साली शरणपूरचे तिघे, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड, मिशनच्या कामासाठी आफ्रिकेत मोंबासाला गेले. जोन्स आणि सेमलर आपापल्या बायकांना घेऊन गेले. आईवडिलांपासून हिसकावलेली पोरे गृहस्थ होऊन त्याच किनाऱ्यावर परत उतरली.

शिक्षकबंधूंनो, वर्गात नकाशा लावून नाशिकवरून मुंबई, मुंबईवरून सरळ नैर्ऋत्येला मोंबासा, असे बोट फिरवून दाखवा. मुलांना ती वाट फार आवडेल. कारण याच वाटेवर पुढची गोष्ट आहे.

आफ्रिकेचा प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईत आला होता. १८६६ साली तो आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुले होती. काहीजण वाटेतच सोडून गेले. मग १८७२ साली स्टॅन्लीने झांझिबारहून लिव्हिंग्स्टनकडे नवी माणसे धाडली, त्यांत नाशिकचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलेच. १८७३ च्या मे महिन्यात, आज जो झांबिया देश आहे तेथल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. जवळ एकही गोरा माणूस नव्हता. सुसी आणि चुमा हे त्याचे जुने साथीदार पुढे झाले. त्यांनी जेकबला बोलावले, का? तर पेट्यांत काय काय आहे त्याची यादी लिहायला. त्यानेच दफनाची प्रार्थना वाचली, आणि काळीज जेथे पुरले त्या झाडावर अक्षरे कोरली.

ही अक्षरे कुठली? शरणपूरच्या शाळेतली. अनाथ पोराला पाटीपेन्सिल दिली याचा अर्थ काय होतो, हे पाहायचे असेल तर त्या रानातल्या यादीकडे पाहावे. मग प्रेत सुकवून, कापडात गुंडाळून, महिनोन्‌महिने चालत त्यांनी ते समुद्रापर्यंत नेले. १८ एप्रिल १८७४ या दिवशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीचा मान धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्या वाटचालीची त्याने लिहिलेली रोजनिशी आजही जपून ठेवलेली आहे.

यानंतर शरणपूरची मुले शरणपुरात राहिली नाहीत. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ साली गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. त्यासाठी बोलणी करणारे सर बार्टल फ्रियर हे पूर्वीचे मुंबईचे गव्हर्नर. सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ नवे गाव वसवायचे ठरले आणि ते काम प्राइससाहेबांकडे आले. गावाला नाव पडले फ्रियर टाउन. नाशिकचे आफ्रिकी संसार उचलून तिकडे निघाले, पोराबाळांसह. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. तिकडच्या लोकांना ते परके वाटत. कपडे वेगळे, शिस्त वेगळी, आणि स्वाहिली भाषा त्यांना बहुधा नव्याने शिकावी लागली. ज्या मातीतून त्यांना पळवले होते त्या मातीत ते मुंबईकर ठरले!

शरणपुरात जी गाठ होती, तीच तेथे घट्ट झाली. शिकलेले हे लोक कामात साहेबाच्या बरोबरीचा मान मागत, आणि साहेबाला तो देववत नसे. एका इंग्रज कारभाऱ्याने गावातल्या लोकांना फटके मारण्याची शिक्षा चालू केली होती. त्याचा १८८१ साली बोभाटा झाला आणि निस्तरायला प्राइसना पुन्हा विलायतेहून यावे लागले. वाढवलेले मूल मोठे झाले की त्याला जाब विचारायचा हक्क येतो, हे पुष्कळ घरांत बापालाही उमगत नाही. पाद्र्यांना उमगले नाही यात नवल नाही.

तिकडे नारायण शेषाद्री काय करीत होते? श्रीपतच्या थोरल्या भावाने जालन्याजवळ स्वतः एक ख्रिस्ती गाव वसवले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि नाव ठेवले बेथेल. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. स्वतःच्या भावाला घराबाहेर राहिलेले ज्याने पाहिले, त्याला हे नाव सुचावे यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. येथला वसवणारा मराठी माणूस होता, हा शरणपूरहून मोठा फरक.

नाशकात शरणपूर आज शहराच्या मध्यातच आले आहे. शरणपूर रोडवर दुकाने, बँका, दवाखाने आहेत, आणि सेंट आंद्रिया चर्चही आहे.

मोंबासापलीकडे डोंगरात रबाई म्हणून गाव आहे. शरणपूरचा विल्यम जोन्स पुढे पाद्री होऊन तेथले काम पाहू लागला. मालकांकडून पळालेले गुलाम रबाईला येऊन लपत. त्यांना थारा देऊ नये असे वरून बजावलेले होते, तरी माणसे येत राहिली आणि राहत राहिली. बायका करीत, पोरे होत, शेते कसत. अखेर इंग्रज कंपनीच्या मॅकेन्झी नावाच्या अधिकाऱ्याने मालकांना पैसे भरले. १८८९ च्या नव्या वर्षाच्या दिवशी रबाई आणि आसपासच्या ठाण्यांवरच्या सुमारे चौदाशे माणसांना सुटकेचे कागद वाटले गेले.