दारूबंदीच्या पोटी जन्मलेली खोली

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याबरोबर पंत अमात्यांची बावड्याची जहागीर, म्हणजे आजचा गगनबावडा, हीदेखील नव्या राज्यात आली. पुढच्या साडेतीन महिन्यांत, 16 जूनला, या राज्यात मुंबई दारूबंदी अधिनियम लागू झाला. आज कोल्हापूरहून कळे, साळवणमार्गे गगनबावड्याकडे जाताना 'परमिट रूम व रेस्टॉरंट' अशा पाट्या दिसतात. या पाट्यांचे मूळ त्याच कायद्यात आहे.

म्हणजे महाराष्ट्रातल्या गल्लीबोळातल्या बारला जन्म दिला तो दारूबंदीने.

बंदीचा प्रयोग त्याच्याही आधीचा. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली, तेव्हा अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आणि पारशी. दारूच्या धंद्यात पारशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यामुळे आपल्याच समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी ती पुन्हा हाती घेतली, या वेळी पूर्ण निर्धाराने. 6 एप्रिल 1950 पासून मुंबईत संपूर्ण दारूबंदी आली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बंदीतून सोडवली, बाकी कायदा जवळजवळ तसाच उभा राहिला.

पण सगळ्यांना एकदम कोरडे ठेवणे सरकारलाही शक्य नव्हते. परदेशी पाहुणे होते, वकिलातींची माणसे होती, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'प्रकृतीसाठी' पिणारेही होते. अशांसाठी कायद्यात परमिटची सोय झाली. परमिट असलेल्या माणसाने बसायचे कुठे, याचाही विचार झाला. हॉटेलला परवाना मिळेल, पण मद्य परमिटधारकालाच द्यायचे आणि तेही इतर लोकांच्या वावरापासून वेगळ्या जागेत. ती वेगळी जागा म्हणजे परमिट रूम.

या एका अटीने पुढच्या सत्तर वर्षांच्या बारचा नकाशा आखला. खिडकीला जाड पडदा, काळी काच, अंधूक दिवा, बाजूने उघडणारे दार आणि बायका-मुलांसाठी पलीकडे 'फॅमिली रूम'. ज्याला मागच्या दाराने आत घेतले जाते, तो माणूस मान खाली घालूनच बसणार. मराठी मुलखातल्या बारमध्ये इतकी वर्षे जी चोरटी हवा राहिली, ती लोकांच्या स्वभावापेक्षा या वेगळ्या खोलीतून आली असे मानायला जागा आहे. पुरावा फार लांब नाही. गगनबावड्याहून घाट उतरून सिंधुदुर्ग ओलांडला की गोवा. 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते आणि मोरारजींचा कायदा कधी पोचलाच नाही. तिथले तावेर्न रस्त्याकडे तोंड करून उघडे बसते. बाकावर फेणीचा पेला घेतलेला म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

बंदीच्या काळात तहान थांबली नाहीच. हातभट्टी फोफावली. मुंबईत बायकांनी घरातल्या खोलीत चालवलेले 'आंटीचे' अड्डे प्रसिद्ध झाले. दारूबरोबर तिथे उकडलेली अंडी आणि चणे मिळत. स्वस्त, पोटाला आधार देणारा आणि कधीही तयार असा तो चखणा होता. वसंतराव नाईक 1963 च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले, त्यांच्या कारकिर्दीत नियम सैल होत गेले आणि परमिट सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. परमिट रूम पंचतारांकित हॉटेलातून तालुक्याच्या गावी उतरली ती त्यानंतर.

गावात आल्यावर तिने खानावळीशी संसार थाटला. परवाना खाद्यगृहाला जोडून मिळतो, त्यामुळे भटारखाना आलाच. आणि कोल्हापूर जिल्ह्यात भटारखाना म्हटला की सुके मटण, तांबडा-पांढरा रस्सा. सुरुवात खारे शेंगदाणे, मसाला पापड, काकडी-टोमॅटोने होते. 'नाइंटी' किंवा 'क्वार्टर' संपता संपता पांढऱ्या रश्श्याची वाटी येते, मग भाकरी, आणि शेवटी भात. धो धो पावसात करूळ घाटाच्या तोंडाशी गरम रश्श्याला जी किंमत आहे, ती पेल्यातल्या कशालाच नाही. परमिट रूमचे खरे वैभव तिच्या स्वयंपाकघरातल्या चवीत आहे; भटारखाना कायद्याने आला, ती चव मात्र कायद्याने दिलेली नाही.

परमिट अजून जिवंत आहे. विदेशी मद्याचे एका दिवसाचे परमिट 5 रुपयांचे, देशीचे 2 रुपयांचे, आजन्म परवाना 1000 रुपयांचा. ते खिशात बाळगणारे गिऱ्हाईक मात्र क्वचितच भेटते. कायद्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले, 'दारूबंदी' कायम राहिली.

मधल्या काळात या खोलीवर मोठा घाव आला तो रस्त्यावरून. महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. 20 हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी पुढे हे अंतर 220 मीटरवर आले. रस्त्याकडेच्या बारसाठी तेही जड होते, कारण त्याचे गिऱ्हाईकच रस्ता आणून देतो. फेब्रुवारी 2018 मध्ये ग्रामपंचायत हद्दीतला निर्णय राज्यांवर सोपवला गेला आणि बरीच दारे पुन्हा उघडली.

दुसरा घाव गावातूनच येऊ शकतो. गावातली परवानाधारक दारू बंद करायची असेल, तर बायकांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, दारू चालू ठेवण्यासाठी उभी बाटली आणि बंद करण्यासाठी आडवी बाटली. ज्या खोलीत गावच्या बाईला कधी जागा नव्हती, तिचे दार लावायचे की नाही, हे तिच्या शिक्क्यावर ठरते. अट कडक आहे. मोजणी आलेल्या मतांवर होत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो, म्हणजे मजुरीला गेलेली किंवा घरच्यांनी अडवलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जाते.