खिमा पाव

खिमा पाव हा बारीक कापलेल्या मांसाचा मसालेदार खिमा आणि गरम पाव यांचा मिळून होणारा मांसाहारी पदार्थ आहे. मुंबईत तो इराणी हॉटेलांत मिळतो, तसाच गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील मांसाहारी मराठी घरांतही केला जातो. घरी त्यासाठी बहुधा बोकडाचे मटण वापरतात. खिमा बशीत वेगळा वाढतात, किंवा लहान पावांत भरून व वर चीज घालून तव्यावर गरम करतात. एकोणिसाव्या शतकात नुसता पाव खाणे हेदेखील जातिबहिष्काराचे कारण ठरू शकत असे. तोच पाव पुढे मांसासह घरच्या ताटात आला, ही या पदार्थामागील सामाजिक पार्श्वभूमी होय.

नावाची व्युत्पत्ती

‘खिमा’ हा शब्द मूळ तुर्की असून फारसी व उर्दूमार्गे मराठीत आला. बारीक चिरणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पाव पायांनी तुडवून मळत असत म्हणून तो ‘पाव’, अशीही एक लोकव्युत्पत्ती ऐकू येते. परंतु पोर्तुगीज मूळच ग्राह्य मानले जाते. एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांच्या चौकोनी वडीला ‘लादी’ म्हणतात, आणि तीवरून ‘लादी पाव’ हे नाव रूढ झाले. कडक कवचाच्या पावाला ‘ब्रून’ किंवा ‘कडक पाव’ म्हणतात.

इतिहास

पाव आणि बाटण्याची कल्पना

आंबवलेल्या पिठाचा पाव पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांमुळे रुजला. गोव्यात पीठ आंबवण्यासाठी माडी वापरत. तेथील ख्रिस्ती पाववाले पुढे मुंबईत आले. सनातनी हिंदू समाजात मात्र ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाल्ल्याने मनुष्य बाटतो, अशी समजूत होती. भाकरी किंवा पोळी घरच्या चुलीवर होत असे. पावाचे पीठ कोणी मळले आणि त्यात पाणी कोणाचे, हे खाणाऱ्याच्या नजरेआड राही. आक्षेपाचे मूळ यातच होते.

म्हणूनच सुधारकांनी पावाला जातिभेद मोडण्याचे साधन केले. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळी होती. सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. सभेचे कामकाज गुप्त चाले. सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर बहिष्काराच्या भीतीने ती १८६० च्या सुमारास मोडली. तिच्या काही सभासदांनी पुढे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या कार्यात भाग घेतला. या समाजाचे मंदिर गिरगावात आहे.

इराणी हॉटेले

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या यझ्द व केरमान प्रांतांतून जरथुष्ट्री लोक मुंबईत आले. त्यांनी चहा, ब्रून-मस्का, ऑम्लेट व खिमा देणारी हॉटेले काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळत आणि इराण्यांना ती सहज मिळे, असे सांगितले जाते. धोबी तलाव येथील कयानी अँड कंपनी (१९०४), फोर्टमधील कॅफे मिलिटरी (१९३३) आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कल येथील कुलार अँड कंपनी ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे होत. कुलाब्याचे ऑलिम्पिया कॉफी हाउस सकाळच्या खिमा पावासाठी ओळखले जाते.

या हॉटेलांत निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एकाच संगमरवरी टेबलाशी बसत. पावाविषयीचा जुना संकोच कमी होण्यास शहरातील हे रोजचे खाणे बरेच कारणीभूत झाले. शाकाहारी बाजूने हेच काम पुढे वडापावाने केले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो विकण्यास आरंभ करण्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. धोबी तलाव येथील बस्तानी अँड कंपनीसारखी अनेक इराणी हॉटेले बंद पडली असली, तरी खिमा पाव घरांत टिकून आहे.

काही हॉटेलांत पूर्वी गोवंशीय मांसाचा खिमा मिळत असे. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आल्यावर गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही.

घरगुती परंपरा

श्रावण, चतुर्थी आणि घराण्यातील पाळण्याचे वार वगळता मांसाहारी घरांत मटण प्रामुख्याने रविवारी आणतात. हाडे नसल्याने खिमा लवकर शिजतो आणि थोड्या मांसात अधिक माणसांचे भागते. त्यात वाटाणे किंवा बटाटा घालण्याचे एक कारण पुरवठा हेही आहे.

मसाला घरोघरी निराळा असतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत आले, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबीर यांच्या वाटणावर भर असतो. मालवणी पद्धतीत भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण येते, तर इराणी पद्धतीत कांदा-टोमॅटो व गरम मसाला प्रधान असतो. लालबागचा मसाला बाजार या भागातील घरांचा मोठा आधार आहे. उन्हाळ्यात स्त्रिया तेथे सुक्या मिरच्या व खडा मसाला निवडून घेतात आणि भाजून डंकावर कुटून वर्षाचा मसाला करून नेतात.

कृती

साहित्य (चार माणसांसाठी)

• खिमा – अर्धा किलो
• कांदे – ३ मध्यम, बारीक चिरून
• टोमॅटो – २ मध्यम
• आले-लसूण वाटण – दीड मोठा चमचा
• हिरव्या मिरच्या – २ ते ३
• हळद – अर्धा चहाचा चमचा
• घरचा लाल मसाला – २ चहाचे चमचे
• गरम मसाला – १ चहाचा चमचा
• मटार – अर्धी वाटी (ऐच्छिक)
• तेल – ३ मोठे चमचे
• मीठ, कोथिंबीर, लिंबू
• लादी पाव – ८ ते १२

खिमा करणे

खाटकाकडून खिमा समोर करवून घ्यावा. सुरीने कापलेला खिमा किंचित जाडसर राहतो आणि शिजल्यावर मोकळा होतो. यंत्रातून दोनदा काढलेला खिमा मऊ होतो, परंतु त्याचे गोळे होण्याचा संभव असतो. तेलात कांदा तांबूस होईपर्यंत परतून त्यात वाटण व चिरलेल्या मिरच्या घालाव्यात. कच्चा वास गेल्यावर खिमा घालून तो मोठ्या आचेवर उलथन्याने मोडत परतावा. त्याला सुटलेले पाणी आटल्यावर हळद, लाल मसाला, टोमॅटो व मीठ घालावे. थोडे गरम पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे शिजवावे. मटार शेवटच्या दहा मिनिटांत घालावेत. बाजूने तेल सुटले म्हणजे गरम मसाला व कोथिंबीर घालून उतरवावे. बशीत वाढायचा खिमा थोडा अंगाबरोबर रस असलेला ठेवतात.

चीज घालून भरलेले छोटे पाव

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात गोमांसाचे पातळ काप व चीज लांब पावात घालून गरम सँडविच करतात. मुंबईच्या घरांत त्याच्याशी जवळचा प्रकार म्हणजे चीज-खिम्याचे छोटे पाव. वरील प्रमाणात लहान आकाराचे १२ पाव भरतात आणि त्यांना सुमारे १२० ग्रॅम चीज पुरते.

यासाठी खिमा पूर्ण कोरडा करून किंचित निववावा. ओला खिमा पावाचा तळ भिजवतो आणि पाव फाटतो. पाव एका बाजूने जोडलेला ठेवून आडवा कापावा व आतल्या बाजूने लोणी लावून तव्यावर भाजावा; भाजलेल्या थरामुळे रस आत मुरत नाही. मग खालच्या भागावर चीज, त्यावर खिमा आणि पुन्हा थोडे चीज घालून पाव मिटवावा. मंद तव्यावर ठेवून वर झाकण घालावे आणि दोन-तीन मिनिटांनी बाजू उलटावी. आच मोठी असल्यास चीज वितळण्याआधी पाव करपतो. बाजारातील प्रक्रिया केलेले चीज एकसारखे वितळते, मोझरेला तार धरते. चीज खारट असल्याने खिम्यात मीठ कमी घालावे. सोबत कांदा, लिंबू व पुदिन्याची चटणी देतात.

घ्यावयाची काळजी

अखंड मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू मांस बारीक करताना सर्वत्र मिसळतात. म्हणून खिमा आतपर्यंत शिजणे आवश्यक असते. त्यासाठी ७१ अंश सेल्सियस हे किमान तापमान मानले जाते. कच्चा खिमा आणल्या दिवशीच शिजवावा. शिजलेला खिमा दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये आणि पुन्हा वाढताना वाफ येईपर्यंत गरम करावा. भरलेले पाव तव्यावर थोडाच वेळ राहत असल्याने त्यांत अर्धकच्चा खिमा भरणे धोक्याचे ठरते.

इतर प्रकार

• खिमा घोटाला – शिजत्या खिम्यात अंडी फोडून, ढवळून केलेला.
• खिमा सल्ली – वर बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या घातलेला, पारशी पद्धतीचा.
• खिमा पॅटिस – बटाट्याच्या पारीत खिमा भरून तळलेले.

पावभट्ट्यांचा प्रश्न

मुंबईतील अनेक बेकऱ्यांत पाव लाकडावर तापणाऱ्या विटांच्या भट्टीत भाजला जात आला आहे. विटांत साठलेल्या उष्णतेमुळे पावाचे वरचे कवच तांबूस होते व आतला भाग मऊ राहतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वायुप्रदूषणाविषयीच्या सुनावणीत, लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. धुराचा त्रास बेकरीतील कामगार आणि आसपासचे रहिवासी या दोघांनाही होतो. नव्या भट्टीचा खर्च, पावाची वाढणारी किंमत आणि बदलणारी चव या अडचणी बेकरीमालकांनी मांडल्या. पाव हे शहरातील कष्टकऱ्यांचे स्वस्त अन्न असल्याने हा प्रश्न केवळ चवीपुरता मर्यादित नाही.

हेही पाहा

• वडापाव
• लादी पाव
• इराणी हॉटेल
• परमहंस सभा
• प्रार्थना समाज