ऑर्गनचा मजहब कोणता?

इशाची नमाज झाली, घरातले झोपायला गेले की मी हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावरची चादर बाजूला करतो. तिच्याखाली एकावर एक बसवलेले दोन कीबोर्ड आहेत. जमिनीवर पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या आहेत आणि शेजारी एक जुना संगणक. हेडफोन लावून तासभर बाखच्या एखाद्या रचनेशी झटापट करतो. चार वर्षे झाली, अजूनही डावा पाय चुकीच्या पट्टीवर पडतो.

एका रविवारी चाचा न सांगता आले. त्या दिवशी हेडफोन नव्हते, स्पीकर चालू होता. दारातच थांबून त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "हा तर चर्चमधला बाजा. आपल्या घरात कशाला, बेटा?"

मी हसून चहा सांगितला. उत्तर मात्र तेव्हा सुचले नाही. ते आज इथे लिहितो आहे.

आधी हा बाजा काय आहे ते सांगतो. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. तिच्यात हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. पाइप ऑर्गन वेगळा. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते, आणि एकाच सुराच्या वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळ्या नळ्यांच्या रांगा. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला ऑर्गन आर्प श्निटगर या कारागिराने 1693 साली पुरा केला. त्यात अशा साठ आवाजांची सोय असून सुमारे चार हजार नळ्या आहेत. हे वाद्य म्हणजे एक इमारतच असते.

ती इमारत माझ्या हॉलमध्ये कशी आली? जुन्या ऑर्गनची एकेक नळी स्वतंत्र वाजवून तिचा आवाज ध्वनिमुद्रित करतात. पट्टी सोडल्यावर दगडी छताखाली घुमत विरणारा आवाजही टिपतात. मग संगणकात हे हजारो तुकडे भरले जातात. मी पट्टी दाबली की त्या नळीचा आवाज येतो, सोडली की त्या वास्तूचा घुमारा. यासाठी ग्रँडऑर्ग नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो. सारी कला बोट कधी उचलायचे यात आहे.

आता चाचांच्या प्रश्नाकडे येतो. हा बाजा चर्चचा आहे का?

ऑर्गनचा जन्म चर्चमध्ये झालेला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात क्तेसिबियस नावाचा यंत्रकार होता. पाण्याच्या वजनाने हवेचा दाब कायम ठेवून नळ्या वाजवणारे यंत्र त्याने बनवले. रोमन लोकांनी ते आखाड्यांत आणि तमाशांत वाजवले. पुढे बायझंटाइन सम्राटांच्या दरबारात ते शाही थाटाचे वाद्य झाले. पण त्यांच्या चर्चमध्ये त्याला जागा नव्हती, आणि पूर्वेकडच्या बहुतेक चर्चमध्ये आजही नाही. 757 साली सम्राट कॉन्स्टंटाइन पाचवा याने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला. पश्चिम युरोपात ऑर्गन पुन्हा आला तो असा, राजकीय नजराणा म्हणून. चर्चमध्ये तो रुळला त्यानंतर.

याच काळातली आपल्याकडची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. इतिहास त्यांना बनू मूसा म्हणून ओळखतो. त्यांचा 'किताबुल हियल' हा यंत्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. शिवाय आपोआप वाजणाऱ्या वाद्यावर त्यांनी एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्या वाद्यात पाण्याच्या जोरावर हवा नळीत जाते आणि खुंट्या बसवलेले फिरते नळकांडे सुरांची छिद्रे उघडते-मिटते. खुंट्यांची जागा बदलली की धून बदलते. ग्रीकांचे यंत्रज्ञान ज्यांनी अरबीत आणले आणि पुढे नेले, त्यांत हे भाऊ होते. अरबीत ऑर्गनला 'उर्गन' म्हणतात आणि फारसीत 'अर्गनून'.

मग 'चर्चचा बाजा' हा शिक्का तरी ख्रिस्ती जगात सगळ्यांना मान्य होता का? तोही नव्हता. 1520 च्या दशकात झुरिचमध्ये धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या काळात चर्चमधले ऑर्गन बंद पडले. स्वतः झ्विंग्ली चांगला वादक होता, पण इबादतीत वाद्य नको, असे त्याचे मत होते. इंग्लंडमध्ये 1644 साली प्युरिटनांच्या संसदेने चर्चमधले ऑर्गन काढून मोडून टाकण्याचा हुकूमच काढला.

या संदर्भात मला डॅलम बापलेकांची गोष्ट नेहमी आठवते. 1599 साली राणी एलिझाबेथने उस्मानी सुलतान मेहमद तिसरा याला घड्याळावर चालणारा ऑर्गन भेट पाठवला. तो बनवणारा टॉमस डॅलम स्वतः जहाजातून इस्तंबूलला गेला. प्रवासात नळ्यांना पोचे पडले होते, सरस सुटला होता. तिथे बसून त्याने सारे नीट केले. सुलतानासमोर ऑर्गन वाजला, वरच्या झुडपातले नकली पक्षी गाऊ लागले. मग सुलतानाने विचारले, हा हातांनीही वाजवता येतो का? डॅलमने सुलतानाकडे पाठ करून, जिवाच्या भीतीने वाजवले. बक्षीस म्हणून त्याला सोन्याची नाणी मिळाली. इथेच राहा, असा आग्रह झाला तेव्हा गडी म्हणाला, घरी बायको आणि पोरे वाट पाहतात. खरे तर तेव्हा त्याचे लग्नही झालेले नव्हते!

पुढे त्याचा मुलगा रॉबर्ट हाही ऑर्गन बनवू लागला. बापाने मुसलमान सुलतानासमोर ऑर्गन वाजवून इनाम घेतले. मुलाला मात्र ख्रिस्ती इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात आपले काम घेऊन फ्रान्समधल्या ब्रिटनीत जावे लागले. त्याने 1653 साली लाँव्हेलेक या गावात बनवलेला ऑर्गन आजही आहे. आणि दुसरी बाजू लपवायची नसेल तर हेही सांगायला हवे, की इस्तंबूलचा तो ऑर्गन मेहमदचाच मुलगा सुलतान अहमद याने पुढे मोडून टाकला, असे सांगतात.

खुद्द बाखही यातून सुटला नाही. 1705 साली वीस वर्षांचा बाख बुक्स्टेहूड या थोर वादकाला ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर पायी गेला. रजा चार आठवड्यांची होती, परतला जवळपास चार महिन्यांनी. चर्चच्या मंडळाने जाब विचारला. त्यात रजेबरोबर आणखी एक तक्रार होती: प्रार्थनेच्या चालीत हा इतके अनोळखी सूर घालतो की लोक गोंधळून जातात. ज्याला आज चर्चसंगीताचा शिखरपुरुष म्हणतात, त्याला त्याच्याच चर्चने असे सुनावले होते.

आपल्या देशातही अर्गनून फार पूर्वी आला आहे. 1570 च्या दशकात अकबराने हाजी हबीबुल्लाह यांना पोर्तुगीजांच्या गोव्याला पाठवले होते, तिथल्या नवलाईच्या वस्तू आणायला आणि हुन्नर शिकून घ्यायला. त्यांनी आणलेल्या ऑर्गनची हकीकत मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी यांनी लिहून ठेवली आहे. अकबराच्या धार्मिक धोरणाचा त्यांच्याइतका कडवा टीकाकार दुसरा नसेल. पण त्या माणसाएवढ्या पेटीचे कौतुक त्यांच्याही लेखणीला आवरले नाही. 1590 च्या दशकात अकबरासाठी निजामीच्या 'खम्सा'ची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात माधू खानाजाद याचे एक चित्र आहे: अफलातून, म्हणजे प्लेटो, ऑर्गन वाजवतो आहे आणि रानातली जनावरे मोहित होऊन भोवती पडली आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ, फारसी काव्य, फिरंगी वाद्य, मोगल दरबार आणि हिंदू नावाचा चित्रकार!

संगीत जायज की नाजायज, यावर आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही, त्यात पडणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तो वाद संगीताचा आहे, चर्चचा नाही. नळीतून जाणाऱ्या हवेला मजहब नसतो. तो माणसे देतात, काढून घेतात आणि त्यापायी वाद्येही मोडतात. बुक्स्टेहूड जिथे वाजवत असे, ते ल्यूबेकचे सेंट मेरी चर्च मार्च 1942 च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि आतले ऑर्गनही जळाले. त्यांचा आवाज आता कोणत्याही संगणकात येणार नाही. म्हणून जे उरले आहेत त्यांची एकेक नळी कुणीतरी टिपून ठेवतो, याचे मला मोल वाटते.

परवा चाचा पुन्हा आले. मी त्यांना डॅलमच्या खोट्या बायकापोरांची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि हेडफोन लावून बाखची एक छोटी रचना शेवटपर्यंत ऐकली. मत बदलले का, ते मी विचारले नाही. हेडफोन काढताना ते एवढेच म्हणाले, "मगरिबची वेळ झाली, आता बंद कर."

मी बंद केले. आम्ही दोघे सोबतच मशिदीत गेलो.