शून्यलब्धि, प्रतिअवकलज आणि समाकल

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ हा ग्रंथ लिहिला. ‘लब्धि’ म्हणजे भागाकाराने आलेले फळ. चलाची वाढ शून्याकडे नेली असता वाढींच्या भागाकाराचे जे मूल्य उरते ती शून्यलब्धि, असा ह्या समासाचा अर्थ लावता येतो. हा अर्थ अवकलनाचा आहे. उलट वाटेचा निर्देश त्यात नाही.

त्या वाटेला पुढे दोन नावे मिळाली. ‘प्रतिअवकलज’ ही संज्ञा उलट क्रिया सांगते, तर ‘समाकल’ एकत्र करणे सुचविते. दुसऱ्या कल्पनेची परंपरा जुनी आहे: ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ ह्या मल्याळम ग्रंथात समान घातांच्या बेरजेस ‘समघातसंकलित’ म्हटले आहे.

ही दोन नावे समानार्थी मानली जातात. तथापि एका साध्या परिमेय फलनात त्यांचा भेद दिसतो. ‘क्ष’चा घन, ‘क्ष’ आणि २ यांच्या बेरजेस ‘क्ष’च्या वर्गाने भागिले असता १, उणे १ व उणे २ घातांकांची तीन पदे येतात. घातांक एकाने वाढवून नव्या घातांकाने भागावे, हा घातनियम होय. त्याने पहिल्या पदापासून ‘क्ष’च्या वर्गाचा अर्धा भाग आणि तिसऱ्यापासून उणे २ भागिले ‘क्ष’ मिळतो. मधल्या पदात मात्र भाजक शून्य होतो. अशा राशीस भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले होते. सतराव्या शतकात फर्माचा नियमही येथेच थांबला. १६४७ मध्ये ग्रेगरी द सेंट व्हिन्सेंट याने अपास्ताखालील क्षेत्राचा गुणधर्म मांडला आणि १६४९ मध्ये द सारासा याने त्याचा लॉगरिथमशी संबंध दाखविला. घातनियम उलटविण्याने जे मिळाले नाही, ते क्षेत्राच्या, म्हणजे बेरजेच्या, विचाराने मिळाले.

हा विचार केवळ कोशकारांपुरता नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा ह्या तालुक्यांतील अनेक वारली, कोकणा व कातकरी विद्यार्थ्यांची घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी आणि शास्त्रीय संज्ञांची संस्कृतप्रचुर मराठी तिसरी असते. त्यांच्यापुढे ‘समाकल’ आणि ‘प्रतिअवकलज’ हे नुसते पर्याय म्हणून ठेविले, तर मधल्या पदाचे उत्तर पाठ करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. उलट, पहिल्या संज्ञेतील बेरीज आणि दुसऱ्या संज्ञेतील उलट वाट उकलून दाखविली, तर शून्य भाजकापाशी कोणता विचार हाती धरावा हे त्यांस उमगते.