वरचे दोन मजले थर्माकोलचे

मागच्या विकांताला धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनचा केक ठरवायला गेलो होतो. बरोबर आई. बहिणीला तीन मजली पांढराशुभ्र केक हवा होता. केकवाला म्हणाला, "साहेब, खालचा थर खरा करू, वरचे दोन डमी. थर्माकोलवर आयसिंग. फोटोत कळत पण नाही." किंमत जवळपास निम्म्यावर आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले डमी डेटावरच डेमो देतो, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. पण आई ठामपणे म्हणाली, "लग्नात खोटं काही नको हं!" बहीण रुसली आणि ऑर्डर तशीच राहिली.

घरी येऊन वाचायला बसलो. गंमत म्हणजे हा खोटेपणा थेट राजघराण्यातून आलाय!

1769 साली एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात लग्नाचा केक दिला. सुक्या मेव्याचा केक, त्यावर बदामाचा थर आणि सगळ्यात वर साखरेचा. तेव्हा साखर महाग, आणि जितकी पांढरी तितकी जास्त महाग. म्हणजे पांढरा केक ही सरळसरळ श्रीमंतीची जाहिरात होती.

10 फेब्रुवारी 1840 ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. तिचा केक सुमारे 300 पौंडांचा, म्हणजे 136 किलोंच्या आसपास. घेर नऊ फूट, पण उंची जेमतेम 14 इंच! मजले आले ते 1858 साली, तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. तिथेही खरा केक फक्त तळाला, वरचे मजले नुसत्या साखरेचे. सगळे थर खऱ्या केकचे व्हायला 1882 साल उजाडलं, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात. थोडक्यात, आमचा केकवाला परंपरेलाच धरून होता :-)

पण ही साखर पिकवत कोण होतं? आधी कॅरिबियन बेटांवरचे गुलाम. गुलामगिरी संपवण्याचा कायदा लागू झाला 1834 मध्ये, आणि त्याच वर्षापासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर जाऊ लागले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले लोकही होते. आज तिथे जो मराठी समाज आहे, तो त्यांच्याच वंशजांचा. इंग्लंडात जाणाऱ्या साखरेत मॉरिशसची साखर असायची. हे वाचल्यावर तो पांढरा रंग मला पूर्वीसारखा दिसेना.

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग झालं, आणि 1940 मध्ये केकवर आयसिंग करायलाच बंदी आली. लोकांनी काय करावं? पुठ्ठ्याचा मजलेदार केक भाड्याने आणायचा आणि त्याखाली छोटासा खरा केक लपवायचा. फोटोपुरता थाट. पण आतल्या त्या छोट्या केकसाठी घरचे, शेजारचे आपल्या रेशनमधलं लोणी, साखर, मनुका बाजूला काढून देत. 1947 साली राजकन्या एलिझाबेथचा नऊ फुटी, चार मजली केक झाला, तेव्हा त्याचंही सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलं होतं. साखरेचं रेशनिंग संपलं थेट 1953 मध्ये.

रविवारी रात्री जेवताना आईला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या थोरल्या मावशीच्या लग्नात आम्ही शेजाऱ्यांच्या रेशनकार्डांवरची साखर मागून आणली होती. एकेकाच्या घरून वाटी-वाटी. तेव्हा कुठे बुंदी झाली."

मी म्हटलं, "मग केकचं काय करायचं?"

"वरचे राहू देत थर्माकोलचे. पण खरा केक आलेल्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे. वाढपी, ड्रायव्हर, सगळ्यांना."

सोमवारी ऑर्डर दिली. खालचा थर पाच किलोचा, आणि आतून कापून वाढायला साधे चौकोनी केक वेगळे. वाचलेले पैसे त्यातच गेले. बहीण खूश, आई त्याहून खूश.