ठेक्याच्या कागदावर बाईचे नाव

वाचकहो, उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात भल्या पहाटे कोण शिरते? डोक्याला फडके गुंडाळलेल्या बायाबापड्या. तेंदूची पाने त्या खुडतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर नेऊन मोजून देतात. परंतु या पानांचा ठेका कोणाच्या नावे होता, हा प्रश्न आपण इतिहासाला क्वचितच विचारला आहे.

१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. वनविभाग जंगलाचे घटक पाडून त्यांची विक्री करी. बोली लावायची तर अनामत रक्कम हवी, पत हवी, गोदाम हवे. स्त्रियांना मनाई आहे, असे कोठेही लिहिलेले नव्हते. पण जिच्या नावावर ना जमीन ना बँकेचे खाते, तिच्यासाठी मनाई लिहिण्याची गरजच काय? ती मजूरच राहिली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दार किलकिले केले. तेंदू व बांबू गौण वनोपज ठरले. दांपत्याच्या हक्कपत्रावर दोघांची नावे आणि वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया, असे बंधन आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदाराच्या अटी ऐकणारे गाव आता स्वतः अटी घालू लागले.

दुसरी वाट अंगणवाडीची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पोषण आहारातून ठेकेदारांना दूर ठेवून बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य देण्यास सांगितले. तरीही राज्यातील २०१६ च्या निविदेत अशा अटी आल्या की, लहान गटांना आत शिरताच येऊ नये. २०१९ साली त्याच न्यायालयाने ती निविदा रद्द ठरविली.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. केनियाने २०१३ पासून सरकारी खरेदीचा ३० टक्के वाटा स्त्रिया, तरुण व अपंग यांच्यासाठी राखला. आपल्या केंद्र सरकारने २०१८ साली स्त्रियांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ३ टक्के ठरविले.

तात्पर्य, कायद्याने दिलेला हक्क अनामत आणि उलाढालीच्या अटींत हरवू शकतो. म्हणून आपल्या मुलींना निविदा वाचता यावी, हिशेब मांडता यावा, एवढे शिक्षण आपण दिलेच पाहिजे. पुडे मोजणाऱ्या हातांना कागदावर सही करणे अवघड नाही. तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे तुमचे-आमचे काम आहे.