कुरबानीची गोष्ट आणि नजातीचा प्रश्न

बकरी ईदची सुट्टी संपून शाळा भरली की सातवीच्या वर्गात दोन दिवस बोकडाच्याच गप्पा चालतात. कुणाचा किती किलोचा, कुणाचा किती हजारांचा. एका वर्षी एक मुलगा गप्प होता. वडील लातूरच्या आडतीत हमाल. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, जिनके घर कुरबानी नहीं हुई, उनकी नजात होती क्या?"

ऐपत नसेल त्याच्यावर कुरबानी वाजिब नाही, असे मी सांगितले. उत्तर बरोबर होते, पण मुलाचा चेहरा काही खुलला नाही. घरी येऊन मी सूरह साफ्फात पुन्हा उघडली.

कुरआनात ही गोष्ट मोजक्या आयतींत आहे. हजरत इब्राहीम (अ.) स्वप्न पाहतात, ते मुलाला सांगतात आणि त्याचे मत विचारतात. मुलगा होकार देतो. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकात बाप मुलाला हे आधी सांगत नाही. होमाची लाकडे मुलाच्याच पाठीवर असतात आणि कोकरू कुठे आहे, असे तो बापाला विचारतो. कुरआनात मात्र दोघेही जाणूनबुजून मान तुकवतात. तिथला 'अस्लमा' हा शब्द अरबीत द्विवचनी आहे. इस्लाम हा शब्द त्याच धातूचा.

या प्रसंगात मुलाचे नाव कुरआनात येत नाही. तबरींनी (मृत्यू ९२३) दोन्ही बाजूंच्या रिवायती नोंदवून स्वतःचा कौल हजरत इसहाक (अ.) यांना दिला, तर इब्ने कसीर (मृत्यू १३७३) यांनी हजरत इस्माईल (अ.) हेच नाव ठामपणे मांडले. आज आपल्यात तेच मानले जाते, मीही मानतो. मात्र एवढ्या मोठ्या मुफस्सिरांत मतभेद होता हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

मराठीत इब्राहीमची कथा चारशे वर्षांपूर्वीच ओवीत आली, तीही एका इंग्रज पाद्र्याच्या हातून. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या दहा हजारांहून अधिक. नव्याने ख्रिस्ती झालेल्या सासष्टीच्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांना ऐकायला दुसरे काही हवे होते. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशू. ही मांडणी उगाच नाही. लाकडे वाहणारा मुलगा ही पुढे क्रूस वाहणाऱ्या येशूची छाया, असे ख्रिस्ती परंपरा मानते. तिथे नजात मिळते ती येशूच्या बलिदानामुळे. सूरह नज्मनुसार मात्र कुणी दुसऱ्याचे ओझे उचलत नाही. मग आपल्या गोष्टीतले जनावर कशासाठी?

आमच्या रेणापुरात रेणुकादेवीचे मंदिर आहे. बापाच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचा वध केला आणि वर मागताना तिचाच जीव परत मागितला, ही कथा आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. दोन्ही गोष्टींत शेवटी माणूस जिवंत राहतो, हे मला एका विद्यार्थ्यानेच दाखवून दिले होते.

पण माझे लक्ष अडकले ते आयतींच्या क्रमात. स्वप्न खरे केल्याची पावती इब्राहीम (अ.) यांना १०५व्या आयतीत मिळते. जनावराचा उल्लेख येतो १०७व्या आयतीत. म्हणजे कबुली आधी मिळाली, जनावर मागून आले! मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत जात नाही, तकवा जातो, हे सूरह हजमध्ये आपण दर ईदला ऐकतो, आणि बाहेर पडून पुन्हा किलोचा हिशेब करतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन आकडे लिहिले, १०५ आणि १०७, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तो मुलगा बराच वेळ आकड्यांकडे पाहत होता. मग त्यानेच विचारले, "फिर काटते कायकू सर?" मी म्हणालो, सूरह हजमध्येच आहे, स्वतः खा आणि गरजूंना खाऊ घाला.

"हमारे यहाँ तीन घर से आया था," तो म्हणाला.